दोनशे रुपयांचा जुना दंड आणि व्हिसा अर्जातील ‘हो की नाही’

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २००९ च्या श्रावणात गावाबाहेरच्या पारावर पत्ते खेळत असताना पोलिसांनी आपल्यासह सहा जणांना पकडले, जुगाराच्या कायद्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हा नोंदवला, आणि पुढे तालुक्याच्या न्यायालयात आपण गुन्हा कबूल करून दोनशे रुपये दंड भरला. आता आपली मुलगी लीड्सला असून तिचे बाळंतपण जवळ आले आहे, आणि आपण पती-पत्नी ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसासाठी अर्ज करीत आहात. अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने सांगितले आहे की, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला हो लिहिता, तिकडे कोणाला कळणार आहे?’ आपल्याला ते पटत नाही, पण ‘हो’ लिहिले तर व्हिसाच नाकारतील आणि मुलीजवळ पोहोचता येणार नाही, ही धास्तीही आहे.

‘हो’ लिहावे. मी गेली अनेक वर्षे फौजदारी प्रकरणे आणि व्हिसाचे अर्ज या दोन्ही बाजू हाताळतो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की, आपल्या प्रकरणात तो दंड हा अडथळा नाही. अडथळा निर्माण होईल तो ‘नाही’ या उत्तराने. असे का, आणि ‘हो’ लिहिण्याआधी कोणते कागद हातात असले पाहिजेत, हे सविस्तर सांगतो.

प्रथम ब्रिटनच्या अर्जातील प्रश्न नीट वाचावा. तो केवळ ‘तुरुंगात गेला होता का’ असा नाही. ब्रिटनमध्ये किंवा इतर कोणत्याही देशात, आयुष्यात कधीही, फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले आहे का, वाहन चालवण्याच्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का, एखादा खटला चालू आहे का, ताकीद किंवा तत्सम दंड झाला आहे का, इतकेच नव्हे तर कर्जफेडीसारख्या बाबतीत दिवाणी न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आहे का, अशा अनेक गोष्टी तो एकदम विचारतो. आपण न्यायालयात उभे राहून गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी दंड केला, म्हणजे कायद्याच्या भाषेत आपल्याला दोषी ठरवले गेले. रक्कम दोनशे होती की दोन लाख, याने त्या उत्तरात फरक पडत नाही.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत अभ्यागतांसाठी मोजमाप ठरलेले आहे. ज्याला १२ महिने किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा झाली आहे, त्याचा अर्ज नाकारला जातो. कैद १२ महिन्यांपेक्षा कमी असेल, तर ती भोगून संपल्यापासून १२ महिने उलटलेले असावे लागतात. आणि शिक्षा कैदेची नसून नुसत्या दंडाची असेल, तर दोषी ठरल्याच्या तारखेपासून १२ महिने उलटलेले असावे लागतात. आपल्या दंडाला पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. म्हणजे या नियमाखाली आपला अर्ज नाकारणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. वारंवार गुन्हे करणाऱ्याचा किंवा समाजाला गंभीर इजा करणाऱ्याचा अर्ज नाकारण्याचे वेगळे अधिकार त्याला आहेत, पण पारावरच्या पत्त्यांच्या एका डावाला ते लागू करण्याचे काही कारण दिसत नाही. त्यामुळे अधिकाऱ्याचे लक्ष बहुधा इतर सर्वसाधारण प्रश्नांवरच राहील: खर्च कोण करणार, किती दिवस राहणार आणि परत येण्यास कारण काय.

याउलट, अर्जात खोटे उत्तर दिले असे ठरले, तर तो अर्ज फसवणुकीच्या कारणावरून नाकारला जातो आणि पुढील अर्जांवर १० वर्षांची बंदी येऊ शकते. दोन्ही पारडी समोरासमोर ठेवून पाहावीत: एका बाजूला नियमाप्रमाणे अडथळा न ठरणारा जुना दंड, दुसऱ्या बाजूला नातवंड दहा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या घरी जाण्याची बंद झालेली वाट. एजंटाला यातले काहीही भोगावे लागत नाही. अर्जाखालील घोषणा आपल्या नावाने असते, आणि ‘अर्ज मी भरलाच नव्हता’ हे सांगून त्या घोषणेतून सुटका होत नाही.

‘कोणाला कळणार आहे’ या युक्तिवादाबद्दलही बोलतो, कारण मला तो रोज ऐकावा लागतो. लीड्सला बसलेल्या कोणाला तालुक्याच्या न्यायालयातील नोंदवही दिसत नाही, हे खरे. पण माहिती नेहमी नोंदवहीतूनच बाहेर येते असे नाही. पुढे कधी अमेरिकेचा किंवा कॅनडाचा अर्ज केला आणि तिथे खरे लिहिले, तर दोन अर्जांतली दोन उत्तरे समोरासमोर येऊ शकतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे देश स्थलांतराच्या बाबतीत बोटांच्या ठशांच्या आधारे आपसात माहिती पडताळून पाहतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव टाकून अनेक खटले कोणालाही पाहता येतात आणि जुनी प्रकरणे त्यात भरण्याचे काम चालूच आहे. आणि हे सारे बाजूला ठेवले, तरी ज्या प्रश्नाचे खरे उत्तर आपल्याला तारणारे आहे, त्याचे खोटे उत्तर देऊन मिळवायचे काय, हे मला आजवर कोणत्याही एजंटाने सांगितलेले नाही.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७४ चा एक कायदा आहे, ज्यानुसार ठरावीक काळानंतर जुनी शिक्षा ‘संपलेली’ मानली जाते आणि नोकरीच्या वेळी ती सांगावी लागत नाही. इंटरनेटवर हे वाचून अनेक जण व्हिसाच्या अर्जात निश्चिंतपणे ‘नाही’ लिहितात. परंतु २०१२ पासून इमिग्रेशन आणि नागरिकत्वाच्या निर्णयांना तो कायदा लागू होत नाही. तिथे संपलेली शिक्षाही सांगावी लागते. आपल्याकडे तर प्रौढांसाठी शिक्षा अशी आपोआप पुसली जाण्याची सर्वसाधारण तरतूदच नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले, तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषी ठरल्याची वस्तुस्थिती कायम राहते. अल्पवयीन असतानाच्या प्रकरणांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वेगळी तरतूद आहे. तसे प्रकरण असेल तर वकिलाला दाखवूनच उत्तर लिहावे. तसेच, पोलिसांचा चारित्र्य दाखला स्वच्छ आला म्हणजे शिक्षा झालीच नव्हती, असा अर्थ काढू नये. अर्ज दाखल्याबद्दल विचारत नाही, शिक्षेबद्दल विचारतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका इथे होतात. न्यायालयात नेमके काय घडले, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. वकिलाने सांगितले ‘दोनशे भरा, संपले’, आणि माणूस घरी आला. म्हणून अर्ज उघडण्याआधी कागद मिळवावा. आपल्या आठवणीवर ‘हो’ लिहिणे हेदेखील धोक्याचेच आहे, कारण चुकीचे कलम, चुकीचे वर्ष किंवा न झालेली शिक्षा लिहिली गेली, तर पुढच्या प्रत्येक अर्जात ती चूक आपला पाठलाग करते.

काही उदाहरणे देतो. गणपतीत किंवा निवडणुकीच्या तोंडावर पोलीस ज्यांच्यावर ‘चॅप्टर केस’ करतात, त्यांच्याकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले जाते. ती प्रतिबंधक कारवाई आहे. त्यात कोणी दोषी ठरत नाही. मारामारीची केस फिर्यादीशी तडजोड होऊन मिटली असेल, तर कायद्याने तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. वाहतूक पोलिसांचे ई-चलन जागेवर किंवा मोबाइलवरून भरले, तर ती तडजोड शुल्क भरून मिटवलेली बाब आहे, न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हे. मद्यपान करून वाहन चालवण्याचे कलम १८५ मात्र असे जागेवर मिटत नाही. त्यासाठी न्यायालयातच जावे लागते, आणि तिथे भरलेला दंड ही शिक्षाच असते. जिथे शिक्षा झालेली नाही, तिथेही अर्जातील प्रश्नाचे इतर शब्द तपासावे लागतात, कारण काही देश अटकेबद्दलही विचारतात. त्याकडे पुढे येतो.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो लोकअदालतीबाबत. ‘माझी केस लोकअदालतीत मिटली’ असे सांगणारे दोन प्रकारचे लोक माझ्याकडे येतात. एकाची केस खरोखर तडजोडीने मिटलेली असते. दुसऱ्याने मात्र लोकअदालतीच्या दिवशी किरकोळ खटल्यांच्या खास मोहिमेत गुन्हा कबूल करून दंड भरलेला असतो. दोघांनाही दिवस तोच आठवतो, मांडव तोच आठवतो, आणि दोघेही ‘मिटली’ हाच शब्द वापरतात. पण पहिला दोषी ठरलेला नाही आणि दुसरा ठरलेला आहे. हा फरक फक्त आदेशाच्या कागदावर दिसतो.

आदेश कसा वाचावा हेही सांगतो. अशा आदेशात साधारणपणे असे वाक्य असते की, आरोपीने गुन्हा कबूल केल्याने त्यास अमुक कलमान्वये दोषी ठरवून दोनशे रुपये दंड करण्यात येतो, दंड न भरल्यास तीन दिवसांची साधी कैद. यातील ‘तीन दिवसांची साधी कैद’ वाचून माझ्या एका पक्षकाराने घाबरून अर्जात तीन दिवसांची तुरुंगवासाची शिक्षा लिहिली होती. प्रत्यक्षात त्यांनी दंड त्याच दिवशी भरला होता, त्यामुळे ती पर्यायी कैद अमलातच आली नव्हती. अर्ज पाठवण्याआधी मला दाखवला म्हणून ती दुरुस्ती झाली. याच्या उलट प्रकारही असतो. काही आदेशांत ‘न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड’ अशी शिक्षा असते. आरोपी संध्याकाळपर्यंत न्यायालयाच्या बाकावर बसून असतो आणि घरी जातो, म्हणून त्याला ती शिक्षा वाटतच नाही. पण कागदावर ती कैदच आहे, आणि तशीच लिहिली पाहिजे. ब्रिटनच्या नियमात वर्ष उलटून गेल्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच होतो, तरी उत्तर आदेशाशी जुळलेच पाहिजे.

हा कागद मिळवण्यासाठी ज्या न्यायालयात खटला चालला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करावा. आदेश, त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाची नोंद, आणि मिळाल्यास दंडाच्या पावतीची नोंद, या तिन्हींच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. खटला क्रमांक ठाऊक नसेल, तर पोलीस ठाण्यातील गुन्हा नोंदणी क्रमांकावरून तो शोधता येतो. असे किरकोळ खटले बहुधा ‘एस.सी.सी.’, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, या मथळ्याखाली नोंदलेले असतात. इतक्या वर्षांनी मूळ कागद नियमाप्रमाणे नष्ट केलेले असण्याची शक्यता बरीच आहे. तसे असेल तर निराश होऊ नये. नोंदवहीत खटल्याची ओळ असू शकते, तिचा उतारा मागावा, आणि तोही मिळाला नाही तर आपल्या अर्जावर ‘अभिलेख नष्ट’ असा लेखी शेरा घ्यावा. आपण प्रामाणिकपणे शोध घेतला याचा तो पुरावा आहे. त्यासोबत आपल्या स्मरणाप्रमाणे घटनाक्रम सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे.

नावाची तपासणी विसरू नये. गावाकडच्या गुन्ह्यांत हवालदाराने जे ऐकले ते लिहिलेले असते. पासपोर्टवर ‘बाळासाहेब’ आणि आदेशात ‘बाळासो’, वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचे नाव, आडनावात एखादे अक्षर कमी, असे नेहमी घडते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. शिवाय २००९ च्या आदेशात कायद्याचे नाव ‘मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा’ असे असेल. १८८७ चा तोच कायदा आता ‘महाराष्ट्र’ या नावाने ओळखला जातो. भाषांतर करताना आदेशात जे नाव आहे तेच ठेवावे. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडणे आवश्यक आहे, आणि त्यावर भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्काचा तपशील व भाषांतर अचूक असल्याचे विधान असले पाहिजे.

अर्जातील खुलासा आटोपशीर असावा. घटनेची तारीख, कायदा आणि कलम, न्यायालयाचे नाव, दोषी ठरल्याची तारीख, शिक्षा काय झाली आणि ती कधी पूर्ण झाली, एवढे पाच-सहा वाक्यांत लिहावे. त्यानंतर कोणताही गुन्हा नोंदलेला नाही हे खरे असेल, तर तेही लिहावे. ‘पोलिसांनी मुद्दाम अडकवले’, ‘मी फक्त बघत उभा होतो’ असे काही लिहू नये. मनातून तसे वाटत असले तरी आपण न्यायालयात गुन्हा कबूल केला आहे, आणि कबुलीनंतरचा असा बचाव अधिकाऱ्याला नव्या शंका घेण्यास कारण देतो. वीस वर्षे शाळेत शिकवले, गावात मान आहे, अशी पानभर कैफियतही नको. आपल्या पत्नीचा अर्ज स्वतंत्र आहे. त्यात त्यांच्या स्वतःच्या बाबतीतले उत्तर द्यायचे असते, आपल्या दंडाची नोंद तिथे करायची नसते.

इतर देशांचे अर्ज पुढे करावे लागले तर प्रश्नाचे शब्द बदलतात, म्हणून त्यांचाही विचार करून ठेवावा. अमेरिकेच्या अर्जात ‘कधी अटक झाली किंवा दोषी ठरलात का, नंतर माफी मिळाली असली तरी’ असे विचारले जाते. आपल्याला त्या दिवशी ठाण्यावर अटक दाखवून टेबल जामिनावर, म्हणजे पोलीस ठाण्यातच दिलेल्या जामिनावर, सोडले असेल, तर पुढे निर्दोष सुटला असतात तरीही तिथले उत्तर ‘हो’च राहिले असते. ठाण्यावर हजर राहण्याची नुसती नोटीस मिळणे ही अटक नव्हे, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांमुळे, उदाहरणार्थ चोरीमुळे, प्रवेशाला बाधा येते. मात्र तसा एकच गुन्हा असेल, त्याला कायद्याने जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतचीच शिक्षा असेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांहून अधिक झालेली नसेल, तर किरकोळ गुन्ह्याचा अपवाद मिळतो. खोटे सांगून व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केला असे ठरले, तर तिथली बंदी कायमची असते. मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल मागील पाच वर्षांत अटक झाली असेल, तर बहुधा वैद्यकीय तपासणीसाठी पाठवले जाते.

कॅनडाचे गणित वेगळे आहे, आणि मद्यपान करून गाडी चालवणे तिथे फार जड जाते. १८ डिसेंबर २०१८ पासून त्या देशाने या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षे केली, त्यामुळे त्यानंतरचा असा एकच गुन्हा, मग आपल्याकडे दंड कितीही किरकोळ झालेला असो, गंभीर मानला जातो आणि काळ उलटला म्हणून आपोआप माफ होत नाही. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाल्यावर पुनर्वसनाचा, म्हणजे जुना गुन्हा प्रवेशाच्या आड येऊ नये यासाठीचा, अर्ज करता येतो. माहिती लपवल्यास तिथे पाच वर्षांची बंदी आहे. ऑस्ट्रेलिया तर अधिकृत नोंदीतून काढून टाकलेल्या शिक्षेबद्दलही स्पष्टपणे विचारते. युरोपातील बऱ्याच देशांसाठी सामाईक असलेल्या शेंगेन व्हिसाच्या नेहमीच्या अर्जात जुन्या शिक्षेबद्दल प्रश्नच नाही. जे विचारलेले नाही ते आपणहून पत्रात लिहून पाठवण्याची तिथे गरज नाही.

आपल्यासारखेच प्रकरण असलेले, पण आधीच्या अर्जात ‘नाही’ लिहून बसलेले अनेक जण असतात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. नव्या अर्जात पुन्हा ‘नाही’ लिहून जुने उत्तर सांभाळत बसू नये. खरे उत्तर द्यावे आणि आधी चुकीचे उत्तर कसे गेले, हे साध्या शब्दांत सांगावे. ब्रिटनमध्ये २०१० साली अपील न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की, फसवणूक ठरवण्यासाठी अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. प्रामाणिक गैरसमजातून गेलेले चुकीचे विधान पुरेसे नाही. लोकअदालतीत केस ‘मिटली’ असे खरोखर समजून ‘नाही’ लिहिणाऱ्याला या मुद्द्याचा आधार मिळू शकतो. जाणूनबुजून लपवणाऱ्याला मिळत नाही, आणि अशा व्यक्तीने नवा अर्ज करण्यापूर्वी त्या देशाच्या कायद्याच्या जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

बाळंतपणाची तारीख जवळ आहे, तेव्हा नकलेसाठी तालुक्याला या आठवड्यातच जाऊन यावे. जुने बाड शोधायला कर्मचाऱ्यांना वेळ लागतो. एजंटाकडून अर्जाचे लॉगिन स्वतःकडे घ्यावे आणि पाठवण्याआधी प्रत्येक पान मुलीसोबत बसून, फोनवर का होईना, वाचावे. आदेशाची नक्कल, भाषांतर आणि खुलाशाची प्रत यांचा एक संच विमानात सोबतच्या पिशवीत ठेवावा, कारण उतरल्यावर सीमा अधिकारीही याबद्दल विचारू शकतो. दुसरा संच घरी ठेवावा आणि पुढचा कोणताही अर्ज भरताना तारखा, कलम व शिक्षा त्यातूनच उतरवून घ्यावी.